नाव नसलेला तुकडा

आमच्या सासऱ्यांना छापखान्यातले सगळे मास्तर म्हणतात. उभ्या आयुष्यात शाळेत त्यांनी एक तासही शिकवलं नाही. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात अर्धा जन्म गेला, आणि खिळे मोडीत निघाले तेव्हा हा पन्नाशीचा माणूस कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायला शिकला. सवय मात्र खिळ्यांचीच राहिली. काम संपलं की एकेक खिळा त्याच्या खणात, टेबल स्वच्छ, मगच जेवण. मी चहा अर्धा टाकून फोन घ्यायला उठले तर परत येईपर्यंत कप धुऊन पालथा! बोलायची सोय नाही.

घरात लॅपटॉप एकच. त्यात आम्हा सासऱ्या-सुनेच्या वाटण्या झालेल्या. सुरू केला की पडद्यावर दोन नावं येतात. वरचं निवडलं तर माझं लिनक्स, खालचं निवडलं तर त्यांचं जुनं विंडोज, कारण त्यांचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर फक्त तिथेच चालतं.

त्या दुपारी मी ऑफिसातून आले तर मास्तर लॅपटॉपसमोर मांडीवर हात ठेवून बसलेले. पडदा काळा आणि त्यावर एकच ओळ, सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. दोन्ही नावं गायब.

"काय झालं, बाबा?"

"कुठे काय? आपोआप झालं."

आपोआप म्हणे! संध्याकाळी छापखान्याचे मालक जुळवलेलं पुस्तक न्यायला येणार होते. कित्येक महिन्यांनी मास्तरांना काम मिळालं होतं, आणि मालकांनी बजावलं होतं की आज हाती पडलं नाही तर नाइलाज आहे, यापुढे काम दुसऱ्याला.

नवऱ्याला फोन लावला. "रीसेट मार, सगळं नव्याने टाक," तो म्हणाला.

"आणि बाबांचं पुस्तक?"

"अगं, किती दिवस चालायचं हे? सांग त्यांना, आता बस करा म्हणावं."

फोन स्पीकरवर होता. मास्तर चष्मा काढून पुसत बसले. मला नवऱ्याचा असा राग आला की सांगता सोय नाही.

माझ्याकडे एक पेनड्राइव्ह असतो, त्यावरून बंद पडलेला लॅपटॉप तात्पुरता चालू करता येतो. तो लावला. पुस्तकाची फाइल दिसली आणि जीव भांड्यात पडला. उघडली तर नुसतं गिचमिड, कुठे कंस, कुठे प्रश्नचिन्हं! त्यांच्या सॉफ्टवेअरशिवाय ती अक्षरं उमटतच नाहीत, आणि ते विकणारी कंपनी कधीच बुडाली. म्हणजे त्यांचं विंडोज होतं तसंच उठायला हवं होतं.

डिस्कचे कुठले तुकडे कुठे आहेत ते दाखवणारा नकाशा उघडला, तर त्यात सुरुवातीलाच थोडी रिकामी जागा होती.

"बाबा, इथे काहीतरी होतं. ते नुसतं पुसलंय की त्यावर नवीन काही लिहिलंय? नुसतं पुसलं असेल तर शोधून परत बसवता येईल. पण मी अंदाजाने काही केलं तर होतं नव्हतं ते जाईल."

"मला काय ठाऊक?"

माझं डोकंच फिरलं. "तोंडाला कुलूप लावून बसलात तर मी काय माझं कपाळ दुरुस्त करू?"

सासऱ्यांशी असं मी कधी बोलले नव्हते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मालक निघाले होते.

"तुझ्या बाजूला गेलो होतो मी," मास्तर खाली बघत म्हणाले. "माझ्याकडे जागा पुरेना. तिथे डिस्कचा एक बारका तुकडा दिसला. नाव नाही, गाव नाही. वाटलं, काम संपल्यावर कुणीतरी तसाच टाकून दिलाय. काढून टाकला."

"आणि मग?"

"मग काही नाही गं, शप्पथ! परत सुरू केला तर हे असं."

कर्म माझं! दोन्ही बाजूंना उठवायचं काम तोच बारका तुकडा करतो. पण त्यावर नवीन काही लिहिलं नव्हतं, एवढं तरी कळलं. पुसलेलं शोधणारा प्रोग्राम लावला. टक्के सरकता सरकेनात. मास्तर माझ्या खुर्चीमागे उभे, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. शेवटी तुकडा सापडला, आणि प्रोग्रामने विचारलं, डिस्कचा नकाशा बदलू का? माझं बोट पुढे जाईना.

"चुकलं तर?" त्यांनी विचारलं.

"चुकलं तर सगळंच गेलं, बाबा."

"दाब."

दाबलं. पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला. पडदा काळा. काळाच. मी डोळे मिटून घेतले.

"आली!" मास्तर ओरडले. दोन्ही नावं आली होती.

खालचं निवडलं, पुस्तक जसंच्या तसं उघडलं. मालक आले, पानं घेऊन गेले. जिन्यातच त्यांची आणि नवऱ्याची गाठ पडली असावी, कारण आत पाऊल टाकताच त्याने विचारलं, "झाला सुरू? काय झालं होतं?"

"काही नाही रे, माझ्याच हातून..." मी सुरुवात केली.

"माझ्या हातून," मास्तर म्हणाले. "मी पुसलं."

"तेच तर म्हणतो मी, बाबा. आता बस..."

"म्हण ना, पुरतं म्हण. हेच ऐकावं लागेल म्हणून दुपारभर खोटं बोललो मी हिच्याशी. पुस्तक बुडत होतं तरी बोललो. तुझ्यासमोर म्हातारा ठरायची इतकी भीती वाटते मला."

नवरा बूटही न काढता समोरच्या खुर्चीत बसला.

मग त्याने विचारलं, "कसलं पुस्तक होतं, बाबा?"