विलायतेतला न मोडलेला बिछाना

मुलांनो, ही दुसऱ्या महायुद्धाच्या बऱ्याच आधीची गोष्ट. तुमच्या आजोबांना सोलापूरच्या गिरणीने नवे माग शिकून यायला तीन आठवडे विलायतेला धाडले. मीही हट्टाने बरोबर गेले. तिथल्या त्या गावात दोन घरांनी माझे लुगडे पाहूनच 'जागा नाही' म्हणून सांगितले. शेवटी एका म्हाताऱ्या विधवेने आपल्या पाच खोल्यांच्या सराईमध्ये आम्हाला घेतले. ही जागा सुटली असती, तर शिकणे अर्धवट टाकून परतावे लागले असते.

खोलीतल्या पलंगावर पांढरी चादर, तिच्यावर ब्लँकेट, आणि सगळे गादीखाली घट्ट खोचलेले. आपल्याकडे गादीवर असते ते अंथरूण; पांघरूण ज्याचे त्याने घ्यायचे. म्हणून आम्ही त्या सगळ्याच्या वर आडवे झालो आणि वळकटीतल्या आमच्या दोन चादरी पांघरल्या. दात वाजू लागले.

"अहो, तिच्याकडे पांघरूण मागा की."

"अगं, इथे असं मागत नसतात. मी वाचलंय."

इंग्रजी मीही बरे शिकले होते, पण बिछान्यात कसे शिरावे हे कुठल्या धड्यात नव्हते.

रोज सकाळी मी चादरींच्या घड्या ट्रंकेत ठेवी आणि पलंगावरची एकूणएक सुरकुती हाताने काढी. माझा टापटिपीचा सोस तुम्हाला ठाऊक आहेच.

चौथ्या दिवशी न्याहारीला मालकीण चहाची किटली घेऊन उभी राहिली. ओतेना.

"माझ्या चादरी मी स्वतः धुते," ती म्हणाली. "तुम्हाला त्या अस्वच्छ वाटत असतील, तर शनिवारी दुसरीकडे सोय पाहा. पण तुम्ही झोपता तरी कुठे? जमिनीवर?"

विलायतेची सगळी माहिती असलेले आजोबा तोंडातला टोस्ट न चावता माझ्याकडे बघू लागले.

"पलंगावरच झोपतो, बाई," मी म्हणाले. "ह्या सगळ्याच्या वर. आणि कुडकुडतो."

तिने किटली ठेवली, आम्हाला वर नेले आणि ब्लँकेटचा कोपरा ओढून बिछाना पाकिटासारखा उघडला. आत आणखी एक चादर होती.

"इथून आत शिरायचं," ती म्हणाली. चेहरा कडक, पण खांदे हलत होते.

"आणि शनिवारचं?" मी विचारले.

"शनिवारी मी बटाटे भाजते. चालतात ना तुम्हाला?"

जिना उतरताना आजोबा हळूच म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी शंका आली होती."

"मग तीन रात्री कुडकुडलात कशाला?"

"म्हटलं, तुला उगाच संकोच वाटेल."