बाईंची वीत

हर्सूलच्या बाईंइतकं गुडघ्यांवर चाललेलं माणूस अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात दुसरं सापडायचं नाही, आणि तेही नवसासाठी नव्हे, कामासाठी. तीन ते सहा वर्षांच्या लेकरांनी आपल्या हातानं वस्तू कराव्यात म्हणून बालवाड्यांमध्ये कामाच्या खोल्या उभारून देणं, हा बाईंचा उद्योग. नवी खोली दिसली की बाई पदर खोचून गुडघ्यांवर फिरतात. जग तेवढ्या उंचीवरून बघितल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकू नये, असं त्यांचं मत. एकदा एका संस्थेच्या अध्यक्षांना त्यांनी कडक इस्त्रीच्या पायजम्यासकट खाली बसवलं. "या की साहेब खाली, तिथून काय दिसंना तुम्हाला." साहेब रांगत खिडकीपाशी गेले, नुसती भिंत बघून आले आणि खिडकी खाली घ्यायला निमूट कबूल झाले. हत्यारं मात्र बाईंना खरीच लागतात. लेकराच्या मुठीत मावेल असा हातोडा मागितला, तर दुकानदार म्हणाला, "खिलौने की दुकान बाजू में है, अम्मा." बाई म्हणाल्या, "खिळा खरा हाय ना, भाईजान? मग हातोडा खोटा कसा चालंल?"

मी त्यांचा सुतार. गाव तिकडं लांब, भंडाऱ्याकडं. शाळा सातवीत सुटली, त्यामुळं कुणी कागद पुढं केला की अजून मी तो शेजारच्याकडं सरकवतो. बाईंनी कधी नकाशा दिलाच नाही, सगळं तोंडी. मी मनातल्या मनात हात जोडायचो. पहिल्याच खोलीचं टेबल सांगितलं, "चार विती उंच कर." मी अंगठा-करंगळी ताणून चार विती मोजल्या आणि रंधा मारून असं गुळगुळीत टेबल केलं की मीच खूश. लेकरं आत आली. टेबलाच्या कडेवर नुसती बोटं आणि डोळे दिसले. बाईंची वीत म्हणजे लेकराची वीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. आता हातातलं काम गेलं, गावाची गाडी धरायची, या भीतीनं मी करवत उचलली. "पाय कापून देतो, बाई."

"हात लावू नको." बाईंनी टेबलाभोवती गुडघ्यांवर एक फेरी मारली. "कुणाची वीत ते मीच बोलले नाय. हे तुझं. लेकरांची टेबलं इथंच, त्यांच्यासमोर कर. मोठा माणूस काम करतो कसा, ते त्यांनी बघावं कुठं?"

मग एका चार वर्षांच्या पोरीनं सकाळभर मला बघितलं, हातोडा घेतला आणि खिळा सरळ आत घातला. नंतर ती स्वतःच्या हाताकडं बघतच राहिली. मीही.

आता बाईंच्या गुडघ्यांनी संप केलाय. नव्या खोलीत त्या खुर्चीत बसतात, मला गुडघ्यांवर फिरवतात आणि विचारतात, "काय दिसतंय रे?" परवा आम्ही दोघं पहिल्या खोलीत गेलो, तर त्याच पोरीनं माझं टेबल मोजलं. "काका, चार नाय, सात विती भरतात. चुकलं तुमचं."

"व्हय," मी म्हणालो. सुटलेल्या शाळेत मला परत जागा मिळाली ती याच चुकीनं, हे तिला कसं सांगू?

खुर्चीतून बाई म्हणाल्या, "पुढच्या साली परत मोज, बाळा. कमी भरतंय का बघ."