क्रिबेन्सिसची पिल्लं

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच माहीत नाही.

मी अकोल्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. वंदनाताई, माझी मोठी बहीण, तेव्हा अमरावतीचं सासर सोडून माझ्याकडे आली होती. तिचं तान्हं बाळ तापात गेलं होतं आणि सासरी एकच धोशा होता — आईनंच हयगय केली. ताई दिवसभर भिंतीकडे बघत बसायची. तिचं मन रमावं म्हणून मी काचेची टाकी आणली, त्यात क्रिबेन्सिस माशांची जोडी सोडली. बोटाएवढे मासे. विणीला आली की मादीचं पोट जांभळं होतं. ती टाकीत ठेवलेल्या खापरात शिरून बसली आणि काही दिवसांनी पिल्लांचा पुंजका घेऊनच बाहेर आली. एखादं भरकटलं की त्याला तोंडात धरायची, घोळक्यात आणून सोडायची. नर भोवती पहारा द्यायचा. ताई टाकीसमोरून हलेना.

"पाय ना, कशी सांभायून राहिली पोरायले," म्हणायची. जेवायलाही लागली होती.

आमच्या नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास. माशांना ते ब्लीचिंग मारक; ते उडून जावं म्हणून ताई माशांचं पाणी वेगळ्या ड्रममध्ये भरून ठेवायची. मे महिन्यात ती लग्नाला मूर्तिजापूरला गेली. मी तो ड्रम कूलरमध्ये ओतला — गार वारा हवा होता, दुसरं काय? आणि टाकीचं पाणी बदलताना सरळ नळाचं ताजं भरलं. काय होतंय, म्हटलं. प्राणिशास्त्राचा मास्तर — पढतमूर्ख! पिल्लं तळाला पडली. मोठे दोघे वाचले. मेलेली पिल्लं मी बेसिनमध्ये ओतली.

ताईला सांगितलं, मादीनं खाल्ली. बिथरले की हे मासे खातात पिल्लं — ते खोटं नाही. पण नरही खातो. मग मी नराचं नाव का नाही घेतलं? मादीच तोंडात आली.

"मायनंच?" ताईनं विचारलं. मी मान डोलावली.

"मंग ते लोक खोटं नोयते बोलत, भाऊ."

ती रडली नाही. मलाही काही वाटलं नाही — अजूनही नीटसं वाटत नाही.

पुढं माझं लग्न झालं, मुलगी झाली. ताई तिची दुपटी धुते, दूध गरम करून देते. पण तिला कधी उचलून घेत नाही. "माह्या हाती नोको देऊ," म्हणते. बायकोला ती तुसडी वाटते, तसं बोलूनही दाखवते. मी ऐकून घेतो.