खंडेनवमीला कॉम्प्युटरला दिलेलं औषध

"हात मागे घे! हात मागे घे म्हणते ना! निजलाय तो!"

आई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडत होती. निजलेला तो म्हणजे कुणाचं तान्हं बाळ नव्हे, दादाच्या घरातला कॉम्प्युटर. मॉनिटरच्या कपाळावर हळदीकुंकवाची बोटं, गळ्यात झेंडूचा हा एवढा हार, सीपीयूच्या डोक्यावर विडा-सुपारी. आणि समोर मी... उरणजवळच्या द्रोणागिरीहून रात्रपाळी करून आलेला, बूटसुद्धा न काढलेला, पॉवरच्या बटणाकडे बोट नेऊन उभा.

"आई, तो निजलेला नाही. तो मेलाय," मी म्हणालो.

"सणाच्या दिवशी असलं अभद्र बोलू नये, मेल्या!"

पुढे जाण्याआधी एक सांगून टाकतो. भुतंखेतं, अंगात येणं, लिंबू-मिरची, कशाशीच आपलं देणंघेणं नाही. मी कंटेनर यार्डात आयुष्य काढलेला माणूस. तिथे बंद कंटेनर आतून आपोआप वाजतात आणि धिप्पाड वॉचमन चप्पल टाकून पळतात. मी त्याच कंटेनरला पाठ टेकून झोपलोय, आणि आत जो कोण होता त्याला "जरा हळू वाजव रे बाबा, पाळी आहे परत" असं सांगितलंय. आणि त्याने ऐकलंय! तर असा मी. माझ्या बाकीच्या गोष्टींत मीठमसाला जरा सढळ हाताने असतो, हे मित्रमंडळी सांगतीलच. ही मात्र अळणी वाढतोय. पटली तर खा.

साल नव्व्याण्णव. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, दुसरा मजला, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधली वाळत घातलेली धुणी दिसायची असा हॉल. ऑक्टोबरचं ऊन असं, की गच्चीवर पापड नुसते दाखवले तरी भाजून निघावेत. त्या हॉलच्या कोपऱ्यात वहिनीचं डीटीपी चालायचं. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दुकानांची हँडबिलं. आणि त्या वर्षी पहिल्यांदाच एक अख्खा दिवाळी अंक तिच्याकडे आला होता. जुन्या पनवेलातले प्रेसवाले काका दसऱ्याला सकाळी पानं न्यायला येणार होते. मुहूर्तावर छपाईला घालायची त्यांची रीत.

दादाला ते यंत्र पहिल्यापासून डोळ्यांत खुपायचं. "हा अंक वेळेवर गेला तर ठीक," त्याने वहिनीला बजावलं होतं, "नाहीतर हे धूड मी विकणार. ऑफिसातला एकजण घ्यायला तयार बसलाय." दादा बोलला की करतो. वहिनी कामाला लागली होती. नवरात्रभर आईचे उपास, वरईचा भात, साबुदाण्याची खिचडी, रोजची माळ, सवाष्णी, आणि त्यातून वेळाचा जो तुकडा मिळेल त्या तुकड्यात टायपिंग. त्या दिवशी वहिनी भिंतीला टेकून उभी होती. भिंत काढून घेतली असती तर पडली असती.

झालं होतं असं. सकाळी वहिनी पानं लावता लावता उतू जाणाऱ्या दुधाकडे धावली. तेवढ्यात आई पूजेची तयारी करायला हॉलमध्ये आली. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजायची: विळी, कात्री, शिवणयंत्र, दादाची स्कूटर. सुनेचं हत्यार कॉम्प्युटर, तर तो कसा सुटेल? आईने भिंतीवरचं मेन बटण खटकन बंद केलं, टीव्हीचं करतात तसं, आणि ओल्या फडक्याने त्याला आंघोळ घातली. हार पडायच्या आत वहिनीने एकदा सुरू करून पाहिला. काळा पडदा, वर पांढरी इंग्रजी अक्षरं: सुरू होण्यासाठी लागणारी एक फाइल सापडत नाही. बस्स. पुढे काही नाही. मग पूजा लागली, आणि पुजलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा.

मी, घरातला एकमेव कॉम्प्युटर-तज्ज्ञ... म्हणजे स्टेशनजवळच्या क्लासमध्ये जाऊन आलेला... जवळच्या ओवे गावातल्या दिनेशला फोन लावला. मशीन त्यानेच असेंबल करून दिलं होतं.

"आज नाय जमनार," दिनेश म्हणाला. "आमच्याकं पन पूजा हाय. आज स्क्रूड्रायवरला पन हात लावायचा नाय."

"अरे, उद्या सकाळी पानं जायचीत!"

"मंग तू कर ना. फ्लॉपी टाकून उठव, मंग मी दिलेली शीडी घाल, आन जुन्या शिस्टिमच्या वरनंच नवीन चढव. पन फॉरमॅट नको मारू हां. वैनींचा समदा माल जाईल."

आता एका बाजूला मशीन आणि दुसऱ्या बाजूला आई. मधे डोळे मिटायला आलेला मी. भांडायला अंगात ताकद नव्हती, म्हणून डोकं चालवलं.

"आई, खंडेनवमीला माणूस आजारी पडला तर त्याला औषध द्यायचं की नाही?"

"द्यायचं की."

"मग याला औषध देतो. काम नाही करून घेत. नुसतं औषध."

आईने बराच विचार केला. उपासाने तिचाही आवाज खोल गेला होता.

"औषध दे," ती शेवटी म्हणाली. "पण हार काढायचा नाही. आणि बरा झाला तरी आज निजू द्यायचा."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. बरा झाल्यावर निजू दिला, तर पानांचं काय? मी खुणेनेच म्हटलं, आधी बरा तर होऊ दे.

टेबलाच्या खणात ती फ्लॉपी आणि इन्स्टॉलेशनच्या सीडीची डबी होती. वर दिनेशच्या मार्करच्या अक्षरात '98' लिहिलेलं. फ्लॉपी घातली, मशीन उठलं. डबी उघडली, सीडी काढली, ट्रेवर ठेवली. ती निरखून पाहिली का? नाही. त्या वेळी माझ्यासमोर भाकरी आली असती तर तीही मी ट्रेवर ठेवली असती. सीडीच्या ड्राइव्हचं अक्षर टाइप केलं, पुढे सेटअप लिहिलं, एंटर मारलं.

ड्राइव्ह असा घरघरला, की जणू लाल डबा एसटी खोपोलीचा घाट चढतेय. मग निळा पडदा आला, पांढरी पट्टी सरकू लागली. हारातल्या पाकळ्या कीबोर्डवर गळत होत्या, मी त्या फुंकत होतो. आई सोफ्यावर बसून जप करत होती आणि मधेच विचारत होती, "लागू पडतंय का रे?" वहिनी वरई निवडत होती, पण डोळे पडद्यावर. एकाच ओळीतले तेच चार दाणे ती पुन्हा पुन्हा इकडून तिकडे सारत होती.

मी खुर्चीत पेंगत होतो. पट्टी मधेच थांबायची, ड्राइव्ह गप्प व्हायचा, मी दचकून जागा व्हायचो... आणि परत घरघर. मशीन आपणहून बंद झालं, आपणहून सुरू झालं. शेवटी ढग-बिग आले, ती सुरुवातीची ओळखीची धून वाजली, आणि पडद्यावर वहिनीच्या सगळ्या फाइली जागच्या जागी. तिने धावत येऊन दिवाळी अंकाचं फोल्डर उघडलं. कथा, कविता, राशिभविष्य, जाहिराती, सगळं होतं. ती नुसती खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिली.

मी विजयी वीरासारखा सीडी काढायला बटण दाबलं. ट्रे बाहेर आला.

ट्रेवर आरत्यांची सीडी होती.

दादाच्या मित्राने कॉपी करून दिलेली, मार्करनेच 'आरत्या' लिहिलेली. मी ती उलटीपालटी केली. डोळे चोळले. खणातली डबी पाहिली. रिकामी. दुसरी सीडी त्या टेबलाच्या आसपास कुठेच नव्हती.

"आई, या डबीतली सीडी कुठाय?"

"देवाजवळ आहे की," आई म्हणाली. "यंत्र पुजलं, मग त्याचं चक्र नको का पुजायला? सकाळीच ठेवली."

"आणि ही?"

"अरे, सणासुदीला डबा रिकामा ठेवू नये. लक्ष्मी रुसते. म्हणून आरत्यांची घातली त्यात. देवाचंच नाव आहे, चांगलंच की."

मी देवघरात गेलो. तांब्याच्या ताम्हनात, नारळाखाली, इन्स्टॉलेशनची सीडी. चकचकीत बाजू वर. आणि त्या चकचकीत बाजूवर आईने ओल्या हळदीकुंकवाचं चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलेलं, वर अक्षता चिकटलेल्या, सगळं वाळून कडक झालेलं. नारळ उचलला तर सीडी त्याच्याबरोबरच उचलली गेली. तिला सकाळपासून कुणी हलवलंच नव्हतं.

मी आरत्यांची सीडी परत ड्राइव्हमध्ये घातली. स्पीकरमधून झांजा सुरू झाल्या. आईने सवयीने टाळ्या धरल्या. मग देवघरातली सीडी पुसली, धुतली, दादाच्या धुतल्या बनियनने घासली, ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह एकदा कण्हला आणि गप्प. ती सीडी त्यानंतर कुठल्याच मशीनवर चालली नाही.

आता या इंटरनेट फोरमवरच्या हुशार मंडळींसाठी. दिनेशचं म्हणणं, "हार्डडिस्कवर आधीच कॉपी आसंल." दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं घेऊन तो आला तेव्हा दोघांनी मिळून शोधली. नव्हती. शिवाय सेटअप मी सीडीच्या ड्राइव्हवरूनच सुरू केला होता. "मंग तू झोपेत व्हतास," तो म्हणाला. होतो. शंभर टक्के होतो. पण झोपेत मी होतो, कॉम्प्युटर नव्हता. आणि वहिनी जागी होती, आई जागी होती, पट्टी सरकताना तिघांनी पाहिली होती. शेवटी दिनेश आरत्यांची सीडी उजेडात धरून नुसता फिरवत बसला. "हिच्यावरनं शेटअप होत नाय," एवढंच म्हणाला. ते तर मलाही ठाऊक होतं.

त्या दुपारी मात्र हॉलमध्ये वेगळंच चाललं होतं. मी दोन हातांत दोन सीड्या धरून बोलत सुटलो होतो. आई एकदा माझ्याकडे, एकदा कॉम्प्युटरकडे पाहत होती. मग ती हळूच उठली. गुडघ्यावर हात टेकत टेबलापाशी आली, मॉनिटरवर चार अक्षता टाकल्या, एका बोटाने त्याला तसूभर सरकवला. आमच्याकडे उत्तरपूजा अशीच करतात. दसऱ्याला करायची ती तिने आदल्या दिवशीच करून टाकली. हार काढून खिडकीच्या गजाला अडकवला.

"तोच आपणहून उठलाय," ती म्हणाली. "आता त्याला निजवणारी मी कोण? बस गं, मीना."

वहिनी बसली. दादा संध्याकाळी ऑफिसातून आला तेव्हा प्रिंटरमधून छपाईच्या बटर पेपरवर पानं निघत होती. त्याने दारातच बूट काढता काढता ते पाहिलं आणि तो सरळ हातपाय धुवायला गेला. दसऱ्याला सकाळी प्रेसवाले काका सगळा गठ्ठा घेऊन गेले. ऑफिसातल्या त्या एकाचं नाव त्या घरात परत निघालं नाही.

मी ही हकिकत यार्डात, लग्नांत, एका बारशात आणि दोन तेराव्यांना सांगितली. सांगताना नारळ दर वेळी थोडा मोठा होत गेला असेल. पण मूळ गोष्टीचं उत्तर मला आजही कुणी दिलेलं नाही, माझं मलाही सापडलेलं नाही.

अगदी अलीकडे एकदा जेवताना वहिनीलाच विचारलं. म्हटलं, वहिनी, तुम्ही तर शेजारीच होतात. मी दोन्ही सीड्या तुमच्या डोळ्यांसमोर नाचवत होतो. खरं सांगा, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?

तिने माझ्या पानात आमटी वाढली.

"लक्ष नव्हतं हो, भावजी. अनुक्रमणिका लावायची राहिली होती."