बबनच्या शेतावर कोणीच जिंकत नसे

आमच्या भाऊजींइतका चिवट माणूस जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके पालथे घातले तरी दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर भाऊजी त्याला पटासमोर बसवतील आणि तो हात टेकेपर्यंत स्वतः हलणार नाहीत. भाऊजी म्हणजे माझे चुलत दीर, माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाचा, तात्यांचा मुलगा. पुण्यात इंजिनिअर झाले, तिथेच काही वर्षं नोकरी केली आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि सोंगट्या-फाशांनी भरलेली पत्र्याची पेटी घेऊन परत आले. नारायणगावात खताच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन त्यांनी सॉफ्टवेअर कंपनी काढली. तात्यांनी विचारलं, "म्हंजी नेमकं काय इकनार?" दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ जी वही लिहितात, ती आता कॉम्प्युटर लिहील, असं भाऊजींनी समजावलं. "मग लिवणाऱ्यानं काय करायचं?" "तो माझ्याशी खेळेल," भाऊजी म्हणाले. हे ते गमतीने बोलले नव्हते, हे आम्हाला पुढे कळलं.

मुलं शाळेत जायला लागल्यावर मी त्या कंपनीत फोन उचलायला जाऊ लागले. फोन यायचे ते असे: "म्याडम, तुमचा कॉम्प्युटर माझ्या म्हशीला गाय म्हणतोय. गिऱ्हाइकांपुढं इज्जत गेली राव!" मी गावाचं नाव लिहून घ्यायचे आणि भाऊजी तिसऱ्या मिनिटाला मोटारसायकलवर. घोडेगावच्या पलीकडचं, डोंगरातलं केंद्र असलं तरी आजचं काम आजच. पण मशीन दुरुस्त झालं की हा माणूस निघत नसे. दुधाचा कॅन उपडा करायचा, त्यावर पुठ्ठ्याचा पट मांडायचा आणि केंद्रावरच्या लोकांना नवा खेळ शिकवायचा. चपलांच्या खोक्यांचे पट, माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं, सुताराकडून करून घेतलेले फासे, असा तो सगळा कारखाना. लग्नाच्या पंगतीत पहिली पंगत उठून दुसरी बसेपर्यंत जो वेळ मिळतो, तेवढ्यात त्यांनी एका नवरदेवाच्या मामाला दोनदा हरवलं होतं, आणि मामा रुसून न जेवताच निघाला होता. कंपनीत माणूस घ्यायचा तोसुद्धा खेळूनच. एकदा एक हुशार मुलगा त्यांच्याशी खेळला आणि जिंकला, तरी त्याला घेतलं नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, जिंकणारा उठून जातो. हरल्यावर 'का हरलो' म्हणून जो बसून राहतो, तो मला पाहिजे." त्या हिशोबाने आमच्याकडे दोन प्रोग्रामर होते आणि दोघेही तासन्‌तास बसून राहण्यात वाकबगार होते.

मला स्वतःला खेळांचं काडीचं वेड नाही. स्वयंपाक उरकून, गाईचं शेण काढून मी नारायणगावची जीप पकडायचे. चिंचोके पुढे-मागे सरकवायला मला वेळ कुठला? पण भाऊजींचा एक खेळ मी मन लावून खेळले. तो आमच्याच विहिरीवरून निघाला, म्हणून तो सांगते.

आमची वस्ती खोडदच्या अलीकडे. विहीर चार घरांची सामाईक, आणि पाण्याची पाळी आजोबांच्या काळापासून ठरलेली. पहिले तात्या, दुसरे माळावरचे काका, तिसरे आम्ही आणि चौथा बबन. बबन हा भावकीतलाच, भाऊजींच्या बरोबरीचा. रोज पाणी सुरू व्हायचं ते तात्यांपासून. मोट होती तोवर चौघांचं भागलं, कारण बैलांना लोडशेडिंग नसतं. पुढे मोटर आली, मग दोन हजार सालानंतर लाईट भर दुपारीच जायला लागली, आणि बबनचा कांदा दर उन्हाळ्यात पिवळा पडू लागला. बबन आळशी आहे, असं आम्ही सगळे म्हणायचो. मी जरा जास्तच म्हणायचे. पाइप गळतो तर बांधत नाही, लाईट गेली की बांधावर बसून खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्या बघत राहतो, असल्या माणसाचं पीक कसं यायचं?

एका वर्षी बबनने रस्त्याकडेचं आपलं शेत एका हॉटेलवाल्याला द्यायचं ठरवलं, विहिरीतल्या वाट्यासकट. तात्या भडकले. "परका मानूस आपल्या हिरीवर? आन्‌ उद्या तिथं ताटं धुनार?" बबन शांतपणे म्हणाला, "तात्या, पानीच मिळत न्हाई तिथं शेत ठिवून काय करू?" "तुला मिळत न्हाई, कारन तू झोपतोस!" दोघांनी एकमेकांकडे जाणं-येणं बंद केलं. हॉटेलवाला संकष्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी बोलणी पक्की करायला येणार होता. महिनाही उरला नव्हता.

भाऊजींनी आधी कॉम्प्युटरवर पाण्याचं वेळापत्रक केलं आणि छापून मोटरच्या खोलीच्या दारावर चिकटवलं. लाईटने ते वाचलं नाही. मग ते म्हणाले, "खेळ करतो." निवडणुकीतल्या एका फ्लेक्सच्या पाठच्या पांढऱ्या बाजूवर त्यांनी चार शेतं काढली, मध्ये विहीर म्हणून स्टीलची वाटी ठेवली आणि पाणी म्हणून वाटीत चिंचोके; शेवटी ज्याच्या शेतात जास्त चिंचोके, तो जिंकला. 'लाईट गेली', 'मोटर जळाली', 'पाहुणे आले' असे पत्ते. पाळीचे नियम विहिरीवरचेच, अक्षर न बदलता. एकच अट होती: चिठ्ठीत ज्याचं शेत निघेल ते कसायचं, स्वतःचं नाही. चौघांनी दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून बघितलं की भांडण मिटेल, असा त्यांचा कयास होता.

ऑफिसात आम्ही रोज दुपारी खेळून बघायला लागलो, आणि भलतंच झालं. बबनचं शेत ज्याच्याकडे जाई, तो हरे. प्रोग्रामर हरले, भाऊजी हरले, मी एका आठवड्यात तीनदा हरले आणि तिन्ही वेळा पत्त्यांना शिव्या घातल्या. खेळात चूक राहिली आहे, या समजुतीने भाऊजी पेटले. लाईटचे पत्ते कमी केले, चौथ्या शेताला दोन चिंचोके जादा दिले, पाहुणे काढून टाकले. तरी चौथा हरायचा तो हरायचाच. दूध केंद्रांचे फोन वाजत राहिले, मी "साहेब मिटिंगमध्ये आहेत" सांगत राहिले, आणि साहेब फ्लेक्सवर पालथे पडून चिंचोके मोजत राहिले.

शेवटी त्यांनी बबनलाच ऑफिसात बोलावलं. त्याला चिठ्ठीत तात्यांचं शेत निघालं. तो पहिल्याच डावात जिंकला आणि पुढ्यातल्या चिंचोक्यांच्या ढिगाकडे बराच वेळ बघत राहिला. "आसं आसतंय व्हय पयल्या नंबराला," तो म्हणाला.

भाऊजी म्हणाले, "बबन, त्या चौथ्या शेतात काहीतरी चुकलंय. मला सापडत नाही."

"चुकलंय कुठं, भाऊ? लई हुबेहूब उतारलंय."

भाऊजींनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मी फोनचा रिसीव्हर उगाचच उचलला आणि परत ठेवला. त्या माणसाला मी किती वर्षं आळशी म्हणत आले होते, ते मोजायची माझी इच्छा नव्हती.

आता तात्यांनी एकदा तरी खेळायला हवं होतं, कारण सांगून ऐकणाऱ्यातले तात्या नव्हेत. भाऊजी रोज सकाळी फ्लेक्सची गुंडाळी बगलेत मारून वडिलांच्या चहापुढे हजर. "मला काय प्वार समजतो का? उचल ते." दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. "तुला कंपनीत काम न्हाई का?" तिसऱ्या दिवशी पुन्हा. चिवटपणा कोणाकडून कोणाकडे आला, हे त्या दोघांना समोरासमोर बघितल्यावर विचारावं लागत नसे. असं करता करता चतुर्थी आली.

संकष्टीला तात्या सकाळी ओझरच्या गणपतीला जाऊन येत, चंद्रोदयापर्यंत उपास करत आणि त्या दिवशी तंबाखूला शिवत नसत. तंबाखूशिवायची दुपार तात्यांना जाता जात नसे. भाऊजी गुंडाळी घेऊन ओसरीवर होतेच. मी बबनला सोबत घेऊन गेले आणि म्हटलं, "तात्या, चंद्राला अजून पुष्कळ वेळ आहे." ते कावले होते. "मांड बाबा, तुजं काय हाय ते," असं मुलाला म्हणाले.

चिठ्ठ्या मी केल्या होत्या. चारही चिठ्ठ्यांवर बबनचंच नाव होतं, हे आता लिहायला हरकत नाही. वडीलधारे म्हणून तात्यांनी पहिली उचलली, बाकीच्या मी मुठीत घेतल्या आणि "राहिलेली शेतं आपण वाटून घेऊ" म्हणून टाकलं.

तात्या पहिला डाव हरले. दुसराही हरले. तिसऱ्यात त्यांची पाळी आली आणि पुन्हा लाईट गेली, तेव्हा ते उसळले. "ह्यो कसला खेळ? दर टायमाला माज्यावरच येतंय! काल माज्यापाशी थांबलं व्हतं, तर आज माज्यापासनं नको का सुरू व्हायला? कुन्या येड्यानं केला हा नियम?"

"मी नाही केला," भाऊजी म्हणाले. "आपल्या विहिरीवरचा आहे, तात्या."

बबन मान खाली घालून उंबऱ्याशी बसला होता. तात्यांनी आपल्या पुढ्यातले चार-पाच चिंचोके एकेक करून वाटीत टाकले. मग बबनकडे न बघता त्यांनी विचारलं, "काल कुठं थांबलं व्हतं?"

"माज्या दुसऱ्या वाफ्यावं."

"मग उद्या तिथनं."

हॉटेलवाला दुसऱ्या दिवशी आला, चहा पिऊन गेला. बबनचं शेत बबनकडेच राहिलं. मीही त्याच्या घरी जाऊन, ज्याला माफी म्हणतात ते दोन वाक्यांत उरकून आले. त्याची बायको म्हणाली, "बसा की, चा ठिवते," आणि ते तिथेच संपलं.

भाऊजींनी प्रामाणिकपणे नवा नियम खेळातही घातला, आणि खेळ बसला तो बसलाच. चौघांचं पीक थोड्याफार फरकाने सारखंच यायला लागलं. कोणी पटावर ओणवं होईना, कोणी ओरडेना; एक प्रोग्रामर तर डाव चालू असताना डुलकी काढू लागला. भाऊजींनी नवे पत्ते घातले, टोळधाड आणली, पाऊस आणला. काही केल्या जीव येईना. हा खेळ छापून बाजारात आणायचा, असं त्यांनी मनात धरलं होतं. एका संध्याकाळी त्यांनी चिंचोके पिशवीत भरले. "वहिनी, आता ह्यात कोणी हरतच नाही," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक खेळ अर्धवट सोडून घरी गेले.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी पाणी तात्यांच्या टोमॅटोच्या तोंडाशी आलं आणि लाईट गेली. भाऊजी फावडं घेऊन पाण्याची दारं धरायला उभे होते. पलीकडून बबन ओरडला, "उद्या पयला नंबर तुजा, भाऊ!" भाऊजींनी हात वर केला, फावडं आडवं ठेवलं आणि बांधावर बसले. उन्हं उतरेपर्यंत तिथेच बसून होते. समोर पट नसताना इतका वेळ स्वस्थ बसलेलं मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.