हरलेल्यांची कमान

आल्प्सच्या पायथ्याशी, लेकीच्या घराजवळच्या गावात, रोमन सम्राटाच्या नावाची एक दगडी कमान आहे. मी म्हटलं, "जिंकणारे आपला दगड रोवून जातातच." लेक म्हणाली, "नाही बाबा, ही इथल्या डोंगरी टोळ्यांच्या राजानंच बांधली. तो लढलाच नाही. रोमचा अधिकारी झाला आणि आपल्याच लोकांवर हुकूम चालवत राहिला."

कमानीवर त्या टोळ्यांची नावं आहेत, तीही रोमच्या लिपीत. त्यांच्या बोलीतलं एक वाक्यसुद्धा आज उरलेलं नाही. खाली बळी द्यायला नेलेला बैल कोरलाय, भोवतीच्या माणसांपेक्षा मोठा. पाथरवट डोंगरातलाच असणार; त्यानं बैल पाहिला होता, सम्राट नव्हे. मला त्या राजाची भयंकर चीड आली. कसला हा लाचारपणा!

तेवढ्यात नातीनं माझं बोट ओढून इटालियनमध्ये काहीतरी विचारलं. तिचं मराठी 'आजोबा'पाशीच संपतं. मी लेकीकडे पाहिलं.

"विचारतेय, आजोबा कुणावर रागावलेत?"

लेकीला इथलं नागरिकत्व मिळालं, तेव्हा गावभर पेढे मीच वाटले होते.