परदेशी द्राक्षासव

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दुकानांना बंदी आहे, दारूला कोणी अडवलेलं नाही. ती नदीपल्याडच्या जिल्ह्यातून दुधाच्या कॅनमध्ये बसून येते, गाडीच्या डिक्कीत झोपून येते, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर न बोलावता घरोघर पोचते. आमच्या वडनेरच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष आमचे हे आहेत. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा मिळालेल्या शालीची घडी मोडायच्या आत त्यांनी हे पद पत्करलं.

भाषण छान करतात. आणि रोज जेवण झालं की कपाटातून द्राक्षासवाची बाटली काढतात. बाटलीसोबत मापाचं टोपण येतं, पण हे घेतात स्टीलच्या वाटीने. पचनासाठी. द्राक्षं आंबवून केलेलं औषध आहे असं बाटलीवरच लिहिलेलं असतं, पण ते वाचायला चष्मा लागतो आणि नेमका त्याच वेळी यांचा चष्मा सापडत नाही. मी एकदा म्हटलं होतं, "पचन एवढं बिघडलंय तर भजे कमी खा." त्यावर दोन दिवस बोलले नाहीत. दोन दिवस शांततेत गेले.

अशा घरातली मुलगी दिली ती वाईन बनवणाऱ्याला. लग्न ठरलं तेव्हा जावई नागपुरात फळांच्या रसाच्या कारखान्यात होते. पुढे परदेशात गेले, समुद्राकाठी एका कुटुंबाचा पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षमळा आहे, तिथे. घरची माणसंच द्राक्षं तोडतात, घरचीच वाईन करतात. यांनी गावात सांगून टाकलं, जावई फळप्रक्रियेत आहेत. खोटं म्हणता येत नाही. चोरालाही मग स्थलांतर विभागात आहे म्हणता येईल.

जावई तळेगावकडचे, संत्र्याच्या बागेतले. वडील लहानपणीच गेले. परदेशामुळे राहून गेलेल्या दिवाळसणाला यायच्या आधी मुलीचा मला फोन आला. "आई, यंदा पह्यल्यांदा मळ्याच्या मालकिनीनं ह्यायले सांगतलं, मिसळताना कोन्ती वाईन किती घालाची ते तू ठरव. ते एक बाटली घेऊन येऊन राह्यले. बाबांनी एक घोट घ्यावा अन् चांगली झाली म्हनावं, एवढंच. दुसरं काईच नको त्यायले. सोनं नको, काई नको."

मी म्हटलं, "तुझ्या बापाले सोनं सोपं जाईल."

बाटली आली ती मुलीच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून. फराळ झाला आणि संध्याकाळी जावयांनी ती टेबलावर ठेवली. मी आधी दार लावलं, मग खिडकी. आपण आपल्याच घरात चोरासारखे वागतोय याचा मला राग आला, पण खिडकी लावलीच. टोपण नव्हतं, लाकडाचं बूच होतं. हे म्हणाले, "सील नाई दिसत. रस्त्यात कोनी बदलली तर?" नदीपल्याडच्या मालाची इतकी पारख असलेला व्यसनमुक्तीवाला मी दुसरा पाहिला नाही.

जावई यांना समजावून सांगायला लागले. रंग फिक्का पिवळा, भाताच्या पेजेवर येतं त्या पाण्यापेक्षा जरा गडद. "मामाजी, यात तीन जातीचे द्राक्षं हायेत. एक आंबटपनासाठी, एक वासासाठी, एक पानचट लागू नये म्हनून. तिन्हीची वाईन येगळी केली, मंग मिसळली. अन् समुद्राचा वारा लागते ना वेलांले, तर शेवटी जिभेवर थोडं खारट लागते."

"म्हनजे चखना आतच हाय," हे म्हणाले आणि स्वतःच हसले. जावईही हसले. चांगला माणूस आहे.

वाट्या मांडल्या, जावयांनी ओतली, आणि दार वाजलं. समितीचे सचिव. गावात कृषी केंद्र आहे त्यांचं, बियाणं आणि फवारणीची औषधं विकतात. दिवाळीच्या भेटीला आले होते, मी दार उघडताच आत येऊन बसलेसुद्धा. त्यांनी बाटलीकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं. बंद खिडकीकडे पाहिलं.

मुख्याध्यापक असताना साहेब तपासणीला आले की यांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला. आणि तसंच, क्षणात, उत्तरही सापडलं.

"द्राक्षासव हाय," हे म्हणाले. "परदेशी. जावयानं आनलं."

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मी चकल्यांकडे पाहिलं.

सचिवांना ॲसिडिटी आहे. त्यांनी न सांगता वाटी उचलली, एक घोट घेतला, डोळे मिटले. "गूळ कमी पडला," म्हणाले. "पन पोटात गेल्यासारखं वाटते." दुसरी वाटी घेतली. मग जावयांना विचारलं, "काय काय टाकते यात?"

जावई बिचारे पुन्हा तीन द्राक्षांवर आले. तोंडातून शब्द गेला, मिक्स.

सचिवांनी वाटी खाली ठेवली. "मिक्स? अन् तुमी सांगून राह्यले?" मिक्स म्हटलं की आमच्याकडे एकच अर्थ. मिक्स बियाणं म्हणजे बोगस बियाणं, मिक्स दूध म्हणजे पाणी, आणि नदीपल्याडची मिक्स म्हणजे उद्या पेपरात मेलेल्यांच्या यादीत नाव. कृषी केंद्रावर लोक या एका शब्दावरून भांडायला येतात. ते गंभीरपणे म्हणाले, "जावईबापू, धंद्यात मिक्स करते मानूस, पन सांगत नाई."

आमचे हे जोरात हसले. इतके हसले की खोकला लागला. जावयांनी बाटलीवरचं लेबल तेवढं अंगठ्याने सारखं केलं, ते तसंही सरळच होतं. मुलगी उठून आत गेली. मला तेव्हा यांच्या डोक्यावर चकलीचा डबा आपटावासा वाटला, आणि मी तो उचललाही, पण सचिवांना वाटलं मी वाढतेय.

मिक्स आहे म्हणून सचिवांनी पिणं सोडलं असं मात्र झालं नाही. औषध अर्धवट सोडू नये म्हणाले. चौथ्या वाटीला कान लाल झाले आणि दारूमुळे गावाचं कसं वाटोळं झालं यावर ते फार कळवळून बोलले. मध्येच थांबून म्हणाले, "पन हे ज्यानं बनवलं ना, त्याच्या हाताले चव हाय." सचिवांच्या लेखी जावई नुसते आणणारे, बनवणारा कोणी वेगळा. समोर बसला होता.

हे हळूहळू, वाटी हाताने झाकून पीत होते. घोट घेतला की खालचा ओठ जरा पुढे येतो यांचा. शनिवारी नदीपल्याडच्या मित्राकडून 'कामाचं बोलून' परततात तेव्हा येतो तसा. एवढ्या वर्षांच्या संसारात मला तो ओठ वाचता येतो. त्यांना आवडली होती, मनापासून. मी वाट पाहिली. जावई वाट पाहत होते. दाराच्या चौकटीशी मुलगी येऊन उभी राहिली होती.

"औषध म्हनून बराय," हे म्हणाले.

जायच्या दिवशी आम्ही दोघं त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. नागपूरची गाडी उभी होती. यांनी जावयांना बाजूला घेतलं, पण माझे कान तिखट आहेत. "पुढच्या खेपेले ते औषध दोन आनजा," हे म्हणाले.

जावई नम्रपणेच बोलले. "मामाजी, औषध तं गावातच भेटते. एकडाव वाईन म्हना, पेटी आनतो."

यांनी पानठेल्याकडे पाहिलं, तिथे समितीचा एक सभासद तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेत होता. "हळू बोला," म्हणाले.

मग मीच म्हटलं, चांगलं मोठ्याने, पानठेल्यापर्यंत जाईल असं. सचिवांच्या वाटीत तळाला उरलेली मी मोरीपाशी चाखली होती, त्यामुळे अधिकार होता. "जावईबापू, वाईन चांगली झाली होती. खारट लागते शेवटी, तुमी सांगतलं तशीच."

खर्रा घोटणारा हात थांबला. जावई वाकले, माझ्या पाया पडले. मग यांच्या पाया पडले आणि लगेच उठले नाहीत, जरा वेळ तसेच राहिले.

"गाडी सुटन," हे म्हणाले. "बसा."

आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक बाटली काढून त्यांनी जावयांच्या हातात दिली. स्वतःच्या कपाटातलं द्राक्षासव, अर्धं भरलेलं. "प्रवासात घेजा," म्हणाले. "याच्यात मिक्स नाई."